गॅस गिझर कुठं आणि कसा बसवायचा: जागेपासून सर्व्हिसिंगपर्यंत सगळं क्रमानं

गॅस गिझर बसवताना आपल्याकडं बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात. आधी दुकानातून गिझर घेऊन येतात, मग प्लंबरला फोन, प्लंबर येऊन विचारतोय "कुठं ठोकू सांगा", आणि तेव्हा कुठं भिंतीकडं बघायला सुरुवात होते. नळ बाथरूममध्ये, शॉवर बाथरूममध्ये, मग गिझर पण तिथंच, झालं काम. हाच क्रम जिवावर बेततोय. जागा सगळ्यात आधी ठरवायची, गिझर शेवटी घ्यायचा, आणि योग्य जागा मिळालीच नाही तर गॅसचा गिझर घ्यायचाच नाही.

खालचं सगळं घरगुती ५-६ लिटरच्या (म्हणजे मिनिटाला तेवढं पाणी तापवणाऱ्या) इन्स्टंट गिझरबद्दल आहे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं घराघरात जो दिसतोय तो. बंब आणि चुलीवरचा हंडा जाऊन हा आला, हेस्कॉमची लाईट गेली तरी चालतोय, पाणी लगेच गरम, तक्रार काहीच नाही. तक्रार फक्त त्याच्या जागेबद्दल आहे.

आधी हे समजून घ्या: वास येतो तो गॅस वेगळा आणि जीव घेतो तो वेगळा

"आमच्यात गॅसचा वास कधीच येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लेखच लिहायला घेतला. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतोय, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं रसायन मिसळलेलं असतंय. पण बाथरूममध्ये माणसं जातात ती बहुतेक वेळा गळतीनं नाही, जळालेल्या गॅसच्या धुरानं. बंद खोलीत हवा कमी पडली की जाळ अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतोय, त्यामुळं माणूस श्वास घेत असतोय पण ऑक्सिजन शरीरात पोचत नाही. आधी डोकं जड, मग पायातलं बळ गेल्यासारखं, आणि कडी काढायला हात उचलावा एवढं पण भान राहत नाही.

आता हिशोब बघा. ६ लिटरचा गिझर पूर्ण जाळावर तासाला जवळपास पाऊण ते एक किलो गॅस खातोय, म्हणजे शेगडीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. १५ मिनिटं गिझर चालला की जवळपास ३ घनमीटर हवा वापरली गेली. आपलं ५ बाय ६ फुटाचं, ८ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सगळी मिळून ७ घनमीटरपेक्षा पण थोडी कमी हवा. दार बंद, खिडकी बंद, आणि अर्ध्याच्या जवळ हवा एकट्या गिझरनं ओढली. त्यात बादलीतून उठणारी वाफ वेगळीच.

म्हणून एकामागोमाग आंघोळी चालू असतात तेव्हा सगळ्यात जास्त धोका शेवटच्या माणसाला. पहिला येऊन म्हणतोय "मला काय झालं नाही की", आणि शेवटी घरातली बाई जाते, आंघोळ करून वर कपडे धुवायला बसते, गिझर चालूच. दिवाळीत पहाटेपासून अख्खं घर ओळीनं अभ्यंगस्नान करतंय, पाव्हणे पण आलेले असतात, तेव्हा हे हमखास घडतंय.

टप्पा १: जागा

गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. परड्याकडची भिंत, बोळ, उघडा सज्जा, मागची गॅलरी. तिथून फक्त गरम पाण्याची पाइप आत न्यायची. पाइप चार-पाच फूट वाढते, खर्च थोडा वाढतो आणि पहिलं तांब्याभर पाणी गार येतंय, एवढंच नुकसान.

बाहेर म्हटल्यावर पण चुका होतात, त्या अशा:

गिझर बाहेर लावला पण बरोबर बाथरूमच्या झरोक्याखाली. गरम धूर वर जातोय, म्हणजे सरळ झरोक्यातून आत. गिझर झरोक्याच्या आणि बेडरूमच्या खिडकीच्या खाली नको, बाजूला सरकवून लावा, जेवढा लांब तेवढा बरा.

गॅलरी आहे पण तिला तिन्ही बाजूनं काचेच्या स्लायडिंग लावून बंद करून टाकलेली. ती आता गॅलरी नाही, खोली झाली. काच उघडी ठेवणार म्हणाल, पण जानेवारीच्या सकाळी सहाला कोण उघडतंय? एक बाजू कायमची जाळीची करून घेता येत असेल तरच तिथं लावा.

तिसरी चूक आपल्याच भागातली. पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडक्यांना, सज्ज्याला प्लास्टिक ठोकतात. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं तर जूनपासून चार महिने घर बांधून ठेवल्यासारखंच असतंय. मे महिन्यात मोकळी दिसलेली जागा जुलैत बंद डबा होते. जागा ठरवताना भर पावसातलं घर डोळ्यापुढं आणा. गिझरवर पाणी पडू नये म्हणून वर पत्रा किंवा छज्जा हवा, पण तो गिझरच्या वरून चांगला उंच आणि समोरून मोकळा. गिझरला प्लास्टिकची पिशवी घालून चालू करणाऱ्यांना काय बोलायचं.

भिंत विटेची किंवा दगडाची हवी, प्लायवूड नाही. वर दोरीवर कपडे नकोत, बाजूला रॉकेलचा डबा, रंगाचे डबे, लाकडाचा ढीग नको. जाळ बघायची खिडकी डोळ्याच्या उंचीला येईल असा बसवा, वाकून बघायचं असलं की कोण बघत नाही. आणि वाऱ्याच्या थेट तोंडावर नको, जाळ फडफडतोय आणि विझतोय.

तपासणी: ठरवलेल्या जागी उभं राहा आणि दारं-खिडक्या पावसाळ्यात असतात तशी सगळी लावून घ्या. तरी अंगाला बाहेरची हवा लागते का? लागत नसेल तर ती जागा नापास.

"एक्झॉस्ट फॅन लावतो, मग आत चालेल ना?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. नाही चालत. फॅन हवा बाहेर ओढतोय, पण दार घट्ट लागलं आणि खाली हवा आत यायला जाळी नसली तर आत नवी हवा कुठून येणार? मोठ्या गिझरला धूर बाहेर न्यायची नळी असते, तिथं तर फॅन नळीतला धूर उलटा आत ओढू शकतोय. शिवाय लाईट गेली की फॅन बंद आणि गिझर मात्र सेलवर चालूच. मग राहिलं काय?

टप्पा २: खरेदीआधी मोजायचं

पाण्याचा दाब. गच्चीवरची टाकी आणि गिझर यातली उभी उंची मोजा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतोय, अडीच मीटरला पाव बार. गिझरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतोय, तो याच्याशी जुळवा. टाकी बाथरूमच्या छतावरच ठेवलेली असेल, खाली विटांचा थर पण नाही, तर गिझर पेटायला त्रास देणार आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देणार. अशा वेळी टाकी उंच करा नाहीतर कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा.

पाणी कुठलं. राकसकोप जलाशयातून येणारं नळाचं पाणी आणि बोरचं पाणी यात फरक आहे. बोरचं पाणी जड असलं तर गिझरच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतोय आणि पाणी हळूहळू कमी गरम व्हायला लागतंय. त्यामुळं नको असं नाही, सर्व्हिसिंग लवकर लागेल एवढं धरून चला.

गॅस कुठला. सिलिंडरवर चालणारा गिझर आणि पाइपच्या गॅसवर चालणारा गिझर यांचे नोझल (गॅस बाहेर सोडणारी बारीक तोंडं) वेगळे असतात. शहरात पाइपचा गॅस घेतलेल्यांनी जुना सिलिंडरवाला गिझर तसाच जोडायचा नाही. कंपनीच्या मेकॅनिककडून नोझल बदलून घ्या, नाहीतर बदलून मिळत नसेल तर गिझरच बदला.

गिझर घेताना आयएसआयचा मार्क बघा. जाळ विझला की गॅस आपोआप बंद करणारा सेन्सर आहे का विचारा, आणि ठराविक मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर पण. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारं मॉडेल मिळतंय, मिळालं तर तेच घ्या, पण त्याच्या भरवशावर गिझर आत लावायचा नाही. ते ऑक्सिजन बघतंय, कार्बन मोनॉक्साईड मोजत नाही.

आणि एक, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म. बॅटरीवरचा छोटा डबा असतोय, ऑनलाईन मिळतोय. घेताना नीट वाचा, कारण "गॅस डिटेक्टर" म्हणून विकतात तो बहुतेक गळतीचा असतोय. दोन्ही वेगळे. गळतीचा अलार्म जमिनीजवळ लावतात कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतोय. कार्बन मोनॉक्साईड जवळपास हवेएवढाच हलका, म्हणून त्याचा अलार्म डोक्याच्या उंचीला, ज्या खोलीची खिडकी गिझरच्या बाजूला आहे तिथं.

टप्पा ३: पाण्याची जोडणी आधी

गॅसला हात लावायच्या आधी पाणी पूर्ण करून घ्यायचं. प्लंबर घाईत असला की दोन्ही एकदम जोडतोय, मग गळतंय काय आणि कुठून तेच कळत नाही.

पाइपलाईन आधी धुवून घ्या. गिझर न जोडता नळ सोडून दोन बादल्या पाणी वाहून जाऊ द्या, नवीन पाइपमधला भुसा, सिमेंटचे खडे, टेफ्लॉनचे तुकडे सगळे निघून जातात. हे न केल्यामुळं पहिल्याच आठवड्यात जाळी तुंबते आणि "गिझर खराब दिला" म्हणून भांडण.

गार पाण्याच्या बाजूला बंद करायचा कॉक बसवा, हाताला लगेच येईल असा. गार आणि गरम तोंडं उलटी जोडू नका, बऱ्याच गिझरवर निळ्या-लाल खुणा असतात. उलटं जोडलं तर पाणी वाहतंय पण गिझर पेटतच नाही. गरम पाण्याला साधी पांढरी पीव्हीसी पाइप नाही, सीपीव्हीसी लावा, साधी पाइप गरम पाण्यानं मऊ पडते आणि सांधे सुटतात. आणि गरम बाजूला नळ लावून तिथून बंद करायची सोय तुमच्या मॉडेलला चालते का हे पुस्तिकेत बघा, काही साध्या गिझरना गरम तोंड उघडंच ठेवावं लागतंय.

तपासणी: पाणी सोडून सगळे सांधे कोरड्या कापडानं पुसा, थोड्या वेळानं बोट फिरवा. थेंब नसेल तरच पुढं.

टप्पा ४: गॅसची जोडणी

हे काम एजन्सीच्या किंवा कंपनीच्या मेकॅनिककडून. पण तो काय करतोय ते तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून लिहितोय.

सिलिंडर उभाच ठेवायचा, सपाट जमिनीवर, हवेशीर जागी. खड्ड्यात नाही, तळघरात नाही, बंद कपाटात नाही, गटारीच्या तोंडाशी नाही. गळालेला गॅस जड असल्यामुळं खाली साठून राहतोय. बाथरूममध्ये सिलिंडर ठेवलेला पण मी बघितलाय, त्यावर काही लिहायचं राहिलंय असं वाटत नाही.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरची तारीख बघा. अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. डी २८ असेल तर डिसेंबर २०२८ ला त्याची पुढची चाचणी. तारीख उलटून गेलेला सिलिंडर परत द्या.

रबरी पाइप नारिंगी सुरक्षा पाइपच, आत तारेची जाळी असलेली, आयएसआयची, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. पाच वर्षांनी बदलायची, दिसायला चांगली असली तरी. बाजारातली हिरवी-निळी साधी रबरी पाइप स्वस्त मिळते म्हणून लावतात, ती उन्हानं तडकते आणि उंदीर पण कुरतडतात. पाइप भिंतीतून नेऊ नका, दाराच्या फटीतून दाबून नेऊ नका, गिझरच्या गरम अंगाला टेकवू नका.

एका सिलिंडरवरून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवायला रबरी पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावायची पद्धत फार आहे. सरळ बंद करा. गिझरला वेगळा सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर. तो पण घरगुती कमी दाबाचा, एजन्सीनं दिलेला. हॉटेलवाल्यांचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला तर जाळ फाफलतोय आणि सगळं गणित बिघडतंय.

सिलिंडर बदलताना क्रम: गिझर बंद, रेग्युलेटरचं बटण बंद, आसपास देवाचा दिवा, उदबत्ती, चूल काही पेटलेलं नाही ना बघा, मग रेग्युलेटर काढा, रिकाम्या सिलिंडरला पांढरी टोपी लावा. नव्याची टोपी काढल्यावर आत रबरी रिंग आहे का बघा, ती नसली तर गळणारच. टोपी दोरीसकट सिलिंडरलाच राहू द्या, अडचणीच्या वेळी तीच लागते.

तपासणी: साबणाचा दाट फेस करून रेग्युलेटर, पाइपची दोन्ही टोकं आणि गिझरचा सांधा यांना लावा, गॅस सुरू करून बघत राहा. फुगे आले की गळती. काडी ओढून तपासायचं नाही. "आमचे मेकॅनिक काडीनंच बघतात" म्हणणारे भेटतील, त्यांना हात जोडून घरी पाठवा.

टप्पा ५: सेल घालून पहिल्यांदा पेटवणं

सेल सगळ्यात शेवटी. बहुतेक गिझरना मोठ्या आकाराचे दोन सेल लागतात, चांगल्या अल्कलाईनचे घ्या, एक जुना एक नवा असं करू नका.

गॅस सुरू करा, गॅसची कळ कमीवर ठेवा, पाणी सोडा. टकटक आवाज येऊन जाळ पेटला पाहिजे. पाइपमध्ये हवा असती म्हणून पहिल्यांदा एक-दोनदा पेटणार नाही, पाणी बंद करा, थोडं थांबा, परत सोडा. टकटक होतंय, पेटत नाही, तरी पाणी सोडूनच ठेवलंय असं करू नका, न जळालेला गॅस साठतोय आणि मग एकदम भक्कन पेटतोय.

जाळ निळा पाहिजे, स्थिर. टोकाला जराशी पिवळी छटा एखाद्या वेळी चालते, पण पूर्ण पिवळा, लांबट, डोलणारा जाळ म्हणजे हवा कमी पडते किंवा बर्नर घाण आहे. बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

हिवाळा-उन्हाळ्याचं बटण असतंय, ते उन्हाळ्यात हिवाळ्यावर राहिलं की पाणी अंग भाजेल एवढं कढत येतंय. लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला सोडायच्या आधी पाणी हातावर घेऊन बघायचं. पाणी बंद केल्यावर जाळ लगेच विझला पाहिजे, हे पहिल्या दिवशी चार-पाच वेळा बंद-चालू करून बघून घ्या. पाणी बंद आणि जाळ चालू राहिला तर गिझर वापरायचाच नाही.

टप्पा ६: रोजची सवय

पाणी भरा, गिझर बंद करा, मग आत जा. बादली भरून घेतली की नळ बंद, गॅसची कळ बंद. माझं मत विचाराल तर गिझर बाहेर असला तरी हीच सवय ठेवा, कारण उद्या कोणीतरी गॅलरीला प्लास्टिक लावणारच. शॉवरखालीच आंघोळ करायची सवय असलेल्यांना हे जमत नाही, त्यांनी बाहेर मोकळ्या हवेत गिझर आहे याची खात्री करूनच शॉवर घ्या, आणि तो पण आटोपता.

टायमरनं गिझर बंद झाला की लगेच परत सुरू करायचा नाही. तो बंद झाला याचा अर्थ हवा खेळायला वेळ द्या असाच आहे. दोन आंघोळींच्या मध्ये बाथरूमचं दार उघडं टाका.

डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय? ऊन लागलं, पित्त झालं, उपास होता असली कारणं शोधत बसू नका. घरातल्या दोघांना एकदम तसं झालं तर गिझरच. त्या क्षणापासून गिझर बंद.

बाथरूमची आतली कडी पण बघून घ्या. बाहेरून पट्टीनं किंवा नाण्यानं उघडता येईल अशी कडी मिळते. लोखंडी जाडजूड खिट्टी असेल तर दार तोडायलाच वेळ जातोय, आणि नेमका तोच वेळ हातात नसतोय.

टप्पा ७: देखभाल

दर महिन्याला तुम्हीच करायचं काम थोडंच आहे. साबणाच्या फेसानं सांधे तपासा, पाइपवर उंदराचे दात किंवा तडे आहेत का बघा, गार पाण्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा, जाळाचा रंग बघा. पावसाळ्यात सेलच्या जागी गंज आणि पांढरी भुकटी धरते, ती कोरड्या कापडानं पुसा. सेल कमजोर झाले की पेटायला उशीर लागतोय, आणि उशिरा पेटणं म्हणजे भक्क आवाज. तो आवाज यायला लागला की आधी सेल बदला, तरी आला तर वापर थांबवा.

वर्षातून एकदा, पावसाळा संपला आणि दिवाळी यायची आहे त्या मधल्या दिवसांत, मेकॅनिककडून पूर्ण सर्व्हिसिंग. दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन केला तर कोण येणार? त्याच्याकडून एवढं करून घ्या: बर्नर काढून साफ (कोळी आत जाळं करतात, हवेची भोकं बंद होतात), वरच्या तांब्याच्या पंख्यांमधली काजळी काढणं, क्षार धुणं, पाण्याचा दाब ओळखणारा रबरी डायफ्राम बघणं, सेन्सर चालतोय का बघणं. काम झाल्यावर तुमच्यासमोर पेटवून दाखवायला सांगा. नुसतं बाहेरून फडकं मारून पैसे घेऊन जाणारे पण आहेत, म्हणून निघालेली काजळी बघायला मागा.

काजळी बाहेरच्या भिंतीवर किंवा गिझरच्या डोक्यावर काळी दिसायला लागली तर वर्षाची वाट बघू नका. काळा डाग म्हणजे अर्धवट जळणं.

गावाला जाताना रेग्युलेटर बंद, पाण्याचा कॉक बंद, सेल काढून ठेवा. महिनाभर बंद राहिलेला गिझर सुरू करताना फेसाची तपासणी परत.

टप्पा ८: काही झालंच तर

गळतीचा वास आला: लाईटचं बटण चालू करू नका आणि बंद पण करू नका, दोन्हीला ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर, आणि बाहेर येऊनच १९०६ ला फोन. हा नंबर गॅस गळतीसाठी चोवीस तास चालू असतोय.

बाथरूममधून हाक ऐकू येईना: एकदा जोरात हाक, दारावर थाप, उत्तर नाही तर दार तोडा. कपडे नाहीत, बाई माणूस आहे, असला विचार तेव्हा करायचा नाही. आत शिरायच्या आधी छातीभर श्वास घ्या, गॅस बंद करायला दुसऱ्याला पाठवा, तुम्ही माणसाला ओढून उघड्यावर आणा. आत थांबून तोंडावर पाणी मारत बसलात तर तुम्ही पण पडणार.

बाहेर आणल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवणं, हातात किल्ली देणं, हे सगळं फिट समजून करतात आणि त्यात वेळ जातोय. १०८ ला फोन करा, ११२ पण चालतोय. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, अंगावर चादर टाका. श्वास नसेल आणि तुम्हाला छातीवर दाब द्यायला येत असेल तर ते सुरू करा, मदत येईपर्यंत.

दवाखान्यात पहिलं वाक्य "गॅस गिझर चालू होता" हेच. हे सांगितलं नाही तर चक्कर, हार्ट, शुगर असे तपास आधी सुरू होतात. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर इथं फसवतंय, कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त पण त्याला ऑक्सिजनवालंच वाटतंय आणि आकडा चांगला दाखवतंय. ऑक्सिजन मास्क लावून उपचार असतोय, तो लगेच सुरू झाला पाहिजे. माणूस उठून बसला, चहा मागितला तरी दवाखान्यात न्याच, काही जणांना दिवसांनी, आठवड्यांनी विसरभोळेपणा किंवा चालताना तोल जाणं असा त्रास होतोय. पोटुशी बाई आणि लहान मूल असेल तर अजिबात थांबायचं नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी

शिकायला, नोकरीला आलेली मुलं टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळकडं खोली घेऊन राहतात आणि बाथरूममध्ये आधीच गिझर लटकवलेला असतोय. मालक म्हणतोय, "दहा वर्षं झाली वापरूलालोय, कुणाला काही झालं नाही बघा." दहा वर्षं खिडकी फुटकी असेल, म्हणून हवा येत असेल, आणि मागच्या महिन्यात काच बसवली असेल. वाद घालू नका. सरळ म्हणा, "काका, हा बाहेर काढून लावून द्या, नाहीतर सिलिंडर काढून टाकतो." दोन्ही होत नसेल तर शेगडीवर पाणी तापवून बादलीत ओता, किंवा आयएसआयची इमर्शन रॉड घ्या. रॉड धातूच्या बादलीत असो का प्लास्टिकच्या, पाण्याला किंवा बादलीला हात लावायच्या आधी प्लग काढायचा. खोली बघायला जाल तेव्हा भाडं आणि पाण्याची वेळ विचारायच्या आधी बाथरूमचं दार उघडून भिंतीकडं बघून घ्या.